नऊ हजार नऊशेचा सेल आणि शेठचा स्वतःचा टॉर्च

खैरलांजीकडच्या एका गावातल्या शेवंतामावशी आणि त्यांच्या बचत गटातल्या बायकांना दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजारात फसवलं गेलं. कुणी दमदाटी केली नाही. खुर्ची दिली, चहा पाजला आणि टॉर्चचे खोटे सेल विकले.

बुधवारी सकाळच्या बसने मावशी माझ्या काउंटरवर हजर. मी टॉर्च, सोलर कंदील, चार्जर दुरुस्त करते. उरलेल्या वेळात आमच्या ग्राहक मंडळाची पत्रकं लिहिते.

मावशींनी पिशवी उलटी केली. चांगले, मजबूत अॅल्युमिनियमचे टॉर्च घरंगळले.

"प्रज्ञा, हे पाह्य. रातभर चार्ज केले. खळ्यावर नेले तं अर्ध्या घंट्यात मिणमिण, अन् मंग गप. टॉर्चच खराब निघाले काय वं?"

खळ्यावर कापलेलं धान पडलं की त्याची राखण करावी लागते. आमच्याकडे त्याला जागल म्हणतात. रानडुकरं येतात, एका फेरीत ढिगाची नासाडी करतात. जागल आजवर पुरुषांची. यंदा गटाच्या बायकांनी गावच्या बैठकीत हट्टाने पाळी मागून घेतली. पुरुष हसले आणि म्हणाले, आठवडाभर करून दाखवा. म्हणून हे टॉर्च. पहिल्याच पाळीत ते विझले. आता शनिवारच्या बैठकीत जागल परत पुरुषांकडे जाणार, आणि मावशींनी बैठकीत उभं राहून दिलेला शब्द वाया जाणार.

"माह्या दिरानं तं आत्ताच मले कंदील आणून देला," मावशी म्हणाल्या. "वर म्हणते, वहिनी, याले चार्जिंग नाही लागत."

मी एक टॉर्च उघडला. आत सेलच्या डोक्यावर चंदेरी पन्नीचा बोळा.

"हे काय?"

"खर्ऱ्याच्या, तंबाखू-सुपारीच्या पुडीची पन्नी. सेल आत बसे, पण लागे नाही. गटातल्या सरलाबाईनं जुगाड केला."

मी ओरडले. ओरडायलाच हवं होतं. पन्नी सरकून सेलच्या कडेला टेकली असती तर शॉर्ट सर्किट. लिथियमचा सेल शॉर्ट झाला की तापतो, फुटतो, पेटतो. आणि टॉर्च कुठे? सुक्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, शेजारी.

"बरं बाई, चूक झाली. पण पन्नी लावाची पाळी आमच्यावर काहून आली, ते सांग ना."

प्रश्न बरोबर होता. या टॉर्चमध्ये पुढच्या टोकाला प्लास्टिकची एक कडी असते. कुणी सेल उलटा घातला तर टॉर्च जळू नये म्हणून. त्या कडीतून आत पोचायला सेलच्या डोक्यावर उंचवटा लागतो. त्याला बटन टॉप म्हणतात. मावशींना मिळालेले सेल सपाट डोक्याचे, म्हणजे फ्लॅट टॉप. दुकानदाराने टॉर्च आणि सेल दोन्ही विकले, पण एकात एक घालून बघण्याची तसदी घेतली नाही.

हा झाला निष्काळजीपणा. लूट पुढे आहे.

सेलवर लाल अक्षरांत छापलं होतं: ९९०० एमएएच. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप. सेलचं नाव १८६५०. म्हणजे अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. एवढ्या नळकांडीत आजच्या घडीला साडेतीन हजारांच्या आसपास वीज मावते, फार तर चार हजार. नऊ हजार नऊशे? पायलीच्या मापात पोतं मावल्यासारखं आहे हे.

मी सेल तळहातावर घेतला. हलका. दुसऱ्या हातात माझ्याकडचा खरा सेल. मावशींच्या हातावर दोन्ही ठेवले.

"अवं, हा तं पोचट हाय!"

बालाघाटच्या माणसाला पोचट धान काय असतं ते समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या सोनाराकडे जाऊन दोन्ही तोलले. खरा पंचेचाळीस ग्रॅमच्या वर, हा तीसच्याही खाली. माझ्या मशीनवर लावला तर आत हजारही एमएएच निघेनात. सोनार म्हणाला, "हमारे यहाँ इतनी मिलावट करते तो जेल में होते."

माझं डोकं फिरलं. मी कागद ओढला आणि पत्रक लिहायला घेतलं. मथळाही सुचला: 'उजेडाचे दरोडेखोर'.

मावशींनी कागद बाजूला केला. "पत्रक मागून काढजो. आधी उजेड काढ. शनिवार जवळ येऊन राह्यला."

गेलो दुकानात. शेठने आम्हाला ओळखलं, आणि चहा सांगितला नाही, यावरूनच काय ते समजा.

"शेठ, हे सेल नकली आहेत."

"मैडम, पैकिंग खुल गयी. वापस नहीं होगा. और माल में क्या खराबी है? सबसे ज़्यादा नंबर वाला दिया है. बहनजी ने खुद बोला था, सबसे दमदार दो."

"हौ, बोलली मी," मावशी म्हणाल्या. "दमदार मांगला. नंबर नाही मांगला."

मी वजनाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, ग्राहक कायद्याचं सांगितलं. शेठ मान हलवत राहिला. "आपकी मशीन खराब होगी." गिऱ्हाईकं जमली. मी आवाज वाढवला, त्याने पंखा वाढवला.

तेवढ्यात लाइट गेली. बाजारातली नेहमीची दुपारची कटौती. दुकान लांबट, मागचा गोदामाचा भाग एकदम काळोखा. शेठने सवयीने गल्ल्याखाली हात घातला, स्वतःचा टॉर्च काढला आणि पेटवला. काय सुरेख उजेड! गोदामाच्या शेवटच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येईल असा.

मावशींनी हात पुढे केला. "दाखवा बरं शेठ."

आता गिऱ्हाईकांसमोर नाही कसं म्हणणार? मावशींनी झाकण फिरवलं आणि सेल माझ्या हातावर ठेवला. वजनदार. बटन टॉप. वर साधी छपाई: २६००.

"शेठ," मावशी म्हणाल्या, "आमाले नऊ हजार नऊशे, अन् तुमच्या घरी सव्वीसशे? गरिबी आली काय तुमाले?"

अख्खं दुकान हसलं. एक ऑटोवाला म्हणाला, "सेठजी, हमको भी गरीब वाला देना." शेठही शेवटी हसला. दुसरं करणार काय?

पन्नीचा बोळा काढलेले सगळे सेल काउंटरवर मांडले. बदल्यात खरे सेल मागितले. पण इथेही डोळे झाकून घेतले नाहीत. शेठने आधी काढले ते खरे होते, पण संरक्षक सर्किटवाले. हे सर्किट सेल जास्त चार्ज किंवा जास्त रिकामा होऊ देत नाही. चांगली वस्तू. मात्र त्यामुळे लांबी चार-पाच मिलिमीटरने वाढते. या टॉर्चचं झाकणच पूर्ण बंद होईना. पावसाळ्यात पाणी आत गेलं असतं. टॉर्चला स्वतःचं सर्किट आहे, सेल उतरला की तो आपोआप बंद होतो, आणि गटाचा चार्जरही सेल भरला की थांबतो. म्हणून बिनसर्किटचे, आखूड, बटन टॉपचे घेतले.

आणखी एक तपासलं. किती वीज साठते हा एक प्रश्न, ती किती जोराने बाहेर येते हा दुसरा. टाकी मोठी आणि तोटी बारीक असेल तर शेताला काय उपयोग? प्रत्येक टॉर्च पूर्ण प्रखर करून काउंटरवर तसाच ठेवला. लाइट परत येईपर्यंत एकही मंदावला नाही. मावशी बांगड्या बघाव्या तशा एकेक टॉर्च हातात घेऊन बघत होत्या.

शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन.

"काय झालं मावशी? डुकरं दिसली?"

"दिसली ना! अन् डुकराइले आमी दिसलो. पळाले असे, का आमची गंमत पाहाले आलेला दीर माहा बांधावर चढून बसला. त्याले वाटलं डुकरं त्याच्यावरच येऊन राह्यले."

शनिवारच्या बैठकीत जागलीचा विषय निघाला. बायकांची पाळी पूर्ण हंगामासाठी कायम झाली, आणि मावशींचे दीर टॉर्च उसना मागायला आले.

इथे गोड शेवट करता आला असता. पण परवा मी त्याच दुकानावरून गेले. ९९०० चा खोका काउंटरवरच आहे, फक्त जरा आत सरकवलाय. कारण मोठा आकडा बघून घेणारे आपण आहोत, आणि फसलो की गुपचूप सेल फेकून देणारेही आपणच. एका दुकानदाराशी भांडून एका गावाला उजेड मिळतो, बस.

म्हणून आता तुमची पाळी. हे पत्रक बाजूला ठेवा, घरातला टॉर्च उघडा आणि सेलवरचा आकडा वाचा. १८६५० मापाच्या सेलवर चार हजारांच्या वर काहीही छापलं असेल तर तो फेकू नका, जाळू नका, फोडून बघू नका. टॉर्चसकट दुकानात घेऊन जा, चार लोकांसमोर काउंटरवर ठेवा आणि बदलून मागा. उद्या नाही. आज जा.