पाऊण तासाची टाकी

आता आपली फजिती आपणच सांगावी म्हणते, कारण आमच्या निमोणे गावात ती माझ्याआधीच सगळ्यांना कळलीय!

मी शिरूरच्या एका कॉलेजात गणित शिकवते. शेतातल्या आमच्या सिमेंटच्या टाकीत शेवाळ साचलं होतं, ठिबकच्या नळ्या सारख्या तुंबायच्या. आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "टाकी रिकामी करून धुवायची हाय. पर बाराला लाईट जाती. तवर परत भरंल का? झेंडूची रोपं कालच लावल्यात."

असा प्रश्न गणिताच्या बाईपुढं टाकतात का? मी वहीच काढली! टाकीची लांबी, रुंदी, पाण्याची उंची, तळाचा दीड इंची पाईप. पाणी उतरेल तशी धार मंदावते, तेसुद्धा समीकरणात घेतलं. नुसतं त्रैराशिक मांडणारा इथंच फसतो, असं आबांना ऐकवलंही.

"आबा, रिकामी व्हायला पाऊण तास!"

"नक्की?"

"गणित आहे ते!"

"मग सोड पाणी."

नऊला व्हॉल्व्ह उघडला. पावणेदहाला डोकावले, तर पाणी कमरेच्या वर! साडेदहाला गुडघ्याएवढं. "पाईपात काहीतरी अडकलंय," मी म्हणाले. आबांनी काठी घालून पाहिली. काही नव्हतं. मग मी गुरुत्वाकर्षणावर संशय घेतला, खरं सांगते!

बाराला टाकी रिकामी झाली आणि लाईटही गेली. उन्हात रोपांनी माना टाकल्या. मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात शेजारचे धोंडीमामा बांधावर आले. त्यांचं शेततळं आमच्या वरच्या अंगाला. "पोरी, रडती कशाला? माझं पाणी काय परकं हाय व्हय?" त्यांनी नळी टाकली, तोंडानं हवा ओढली आणि पाणी आपोआप खाली! ना मोटर, ना वही. संध्याकाळपर्यंत रोपं ताठ उभी. मामांच्या पाया पडले मी! आणि आबा? त्यांनी माझ्या हातातला खराटा घेतला आणि स्वतःच टाकी घासली.

सासूबाईंनी मात्र वही मागितली.

"ह्ये काय मांडलंय?"

"पाईपची त्रिज्या, आत्या. दीड इंच."

"आगं, दीड इंची पाईप म्हंजी ह्या कडंपासनं त्या कडंला दीड. तू मधनंच दीड धरलंस व्हय?"

भोक चौपट केलं होतं मी! तीन तासांचं काम पाऊण तासात बसवलेलं!

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तपासलेले पेपर वाटायला काढले. एका मुलीनं त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता. शेजारी लाल शाईत, माझ्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: "घरी कधी पाईप पाहिलाय का?"