पासवर्डची फाईल आणि जेवणाची सुट्टी

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे प्रिंटर अडकला तरी मी आणि सर्व्हर बसला तरी मीच. त्यातलंच एक काम पासवर्डचं.

आमच्या सर्व्हरवर एक पान आहे. त्यावर कारखान्यातल्या मोठ्या मशीनांची चित्रं दिसतात. प्रत्येक मशीनसमोर कॅमेरा लावलाय आणि थोड्या थोड्या वेळाने पानावरचं चित्र बदलतं. मशीन चालू असलं की त्याच्या डोक्यावरचा दिवा हिरवा, थांबलं की लाल. कुठलं मशीन रिकामं पडलंय ते घरबसल्या कळावं म्हणून मालकांनी हे करून घेतलं. मग सुपरवायझर आणि मशीन लावणारे जुने कारागीर यांनाही पासवर्ड द्यायला सांगितले.

हे पासवर्ड एका साध्या फाईलमध्ये राहतात. माणशी एक ओळ. आधी नाव, मग दोन टिंबं, मग अक्षरांची गिचमीड. ती गिचमीड पासवर्डपासूनच तयार होते, पण तिच्यातून पासवर्ड परत काढता येत नाही. मलाही येत नाही. नवा माणूस आला की मी काळ्या पडद्यावर कमांड टाईप करतो, फाईलचं नाव आणि माणसाचं नाव देतो, आणि कीबोर्ड त्याच्यासमोर सरकवतो. त्याने पासवर्ड दोनदा टाकायचा. टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तरी मी तोंड फिरवून भिंतीकडे बघतो. कुणी सांगितलेलं नाही, माझी मीच लावून घेतलेली सवय.

"भिंतीवर काय लिहिलंय रे एवढं?" माझ्या मित्राने पासवर्ड टाकताना विचारलं होतं. "तुझा पगार," मी म्हणालो. "मग लहान अक्षरात असेल," तो म्हणाला.

तो सर्वांत मोठ्या मशीनवर होता. दुपारी एकला सगळ्यांची सुट्टी व्हायची, मशीन थांबायचं, आणि आम्ही दोघं त्याच्या मागे उलट्या क्रेटवर बसून जेवायचो. तो मूळ मालवणकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तसे बोरिवलीला राहायला आले. आई नव्हती, त्याचं लग्न झालं नव्हतं, डबा वडीलच करायचे. माझ्या मुलुंडच्या डब्यात दुधी निघाला की तो झाकण लावून माझ्याकडे परत सरकवायचा आणि स्वतःच्या डब्यातलं सार पुढे करायचा. बोलणं फारसं नसायचं.

एका रविवारी तो घरात बसल्या जागी गेला. हृदय. स्मशानात मी मागे उभा होतो. त्याचे वडील पुढे होते, त्यांची फक्त पाठ मला दिसत होती. मी पुढे गेलो नाही. तेराव्यालाही गेलो नाही, सर्व्हरचं काम आहे असं घरी सांगितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं.

माणूस सोडून गेला की त्याच दिवशी त्याची ओळ फाईलमधून काढायची, हा नियम मीच मालकांकडून मंजूर करून घेतला होता. दुसऱ्या कुणाची असती तर काढली असती. ही राहिली. उद्या काढू, परवा काढू. मला दुःख झालं होतं म्हणून राहिली असं म्हणता आलं असतं, पण तसं काही जाणवत नव्हतं. मी डबा टेबलावरच खायला लागलो होतो, इतकाच फरक.

मग त्याच्या मशीनवर नवा माणूस आला. चांगला, हसतमुख, नाशिककडचा. त्याचं नाव फाईलमध्ये घालायचं होतं. या कमांडमध्ये एक छोटा 'सी' घालता येतो. तो पहिल्याच वेळी घालायचा असतो, जेव्हा फाईलच नसते. 'सी' दिला की फाईल नव्याने बनते, आणि आधीची असेल तर ती पुसून तिच्या जागी बनते. विचारत नाही. माझ्या बोटांनी तो 'सी' घातला. का, ते मला आजही सांगता येत नाही. नव्या माणसाने पासवर्ड टाकला, मी भिंतीकडे बघत होतो. पडद्यावर नेहमीचीच ओळ आली, नाव घातलं म्हणून.

थोड्या वेळाने मालकांचा फोन आला, त्यांना पान उघडता येत नव्हतं. मी फाईल उघडली. तिच्यात एकच ओळ होती, नाशिकवाल्याची. रोजचा बॅकअप होता, पण त्यात साच्यांची ड्रॉइंग घेतली जात. ही फाईल वेगळ्या ठिकाणी होती, तिथे मी बॅकअप लावलाच नव्हता.

त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायला हवं. मला बरं वाटलं. जी ओळ काढायला माझा हात होत नव्हता ती गेली होती, आणि मी ती काढली नव्हती.

सगळ्यांना मी सांगितलं की सुरक्षेसाठी पासवर्ड बदलायचे आहेत, येऊन टाकून जा. एकेक जण येऊन टाकून गेला. मालक म्हणाले, "हे बरं केलंस, आधीच करायला हवं होतं." मी मान हलवली.

नंतर सर्व्हरच्या नोंदी चाळताना त्याचं नाव दिसलं. त्या नावाने कुणीतरी पान उघडायचा प्रयत्न करत होतं आणि सर्व्हर सांगत होता की असा माणूसच नाही. कारखाना चालू असेल त्या प्रत्येक दुपारी, एकच्या सुमाराला. मला वाटलं बाहेरचं कुणीतरी घुसायला बघतंय. म्हणून जुन्या नोंदी काढल्या. तर हे आजचं नव्हतं. तो जिवंत होता तेव्हापासून रोज दुपारी एकला त्याच्या नावाने ते पान उघडलं जात होतं. त्या वेळी तो माझ्याशेजारी क्रेटवर बसून जेवत असायचा, फोन शर्टाच्या खिशात. तो गेल्यावर काही दिवस नोंद नव्हती. मग पुन्हा सुरू झाली होती, आणि माझ्या त्या 'सी'पर्यंत चालू होती.

त्याच्या घरात आता एकच माणूस उरला होता.

मी मालकांना जाऊन सांगितलं की त्याचे वडील कॅमेऱ्याचं पान बघतात, त्यांचा पासवर्ड गेलाय, परत द्यावा म्हणतो. पासवर्ड कसा गेला ते सांगितलं नाही. मालक पेन हलवत बसले. बाहेरच्या माणसाला कारखाना कशाला दाखवायचा, असं ते आधी म्हणाले. मग म्हणाले, "दे. म्हातारा माणूस आहे. पण त्यांच्या नावाने दे. गेलेल्याच्या नावाने नको रे, बरं दिसत नाही."

पासवर्ड फोनवर विचारायचा नाही, हाही नियम माझाच. मी लॅपटॉप घेतला. आरे कॉलनीतून जाणारी बस पकडून गोरेगावला उतरलो, तिथून बोरिवलीची दुसरी बस. आरेत दोन्ही बाजूंना झाडं होती, म्हशींचा वास येत होता. तिथे जाऊन काय बोलायचं त्याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, पण वाक्य पुरं होत नव्हतं.

दार त्यांनीच उघडलं. मी कोण ते सांगायच्या आत म्हणाले, "मुलुंडवालो ना तू? दुधी आणणारो. ये." स्मशानातलं, तेराव्याचं काही विचारलं नाही. पाणी दिलं. मग मी एका दमात सांगितलं की पासवर्डची फाईल माझ्या हातून पुसली गेली, चूक माझी आहे, आणि लोकांना मी खोटं कारण दिलं. हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "माका वाटला, कंपनीन बंद केल्यान. त्यांचा बरोबर आसा म्हटलंय, आपलो माणूस रवलो नाय थंय."

मी विचारलं की त्या पानावर ते रोज काय बघायचे. माणूस तर त्यात दिसतही नाही, कॅमेरा मशीनवर आहे.

"दिवो बघंय," ते म्हणाले. "झिलान दाखवून ठेवलो होतो. एक वाजता लाल झालो की समजायचा, तो जेवूक बसलो. मगे मी पण ताट घेय. डबो मीच केलेलो, तोच जेवण हंय. तो थंय, मी हंय."

आता कधी जेवता, असं मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

"होता कधीतरी," ते म्हणाले. "तीन वाजतत, चार वाजतत. कधी जेवूचा रवान जाता."

ओट्यावर पातेलं झाकलेलं होतं. घड्याळात एक व्हायला आला होता. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणजे वेळ कळायला त्यांना काही अडचण नव्हती.

मी लॅपटॉप उघडून फोनवरून सर्व्हरला जोडला. कमांड टाईप केली. 'सी' नाही ना, हे तीनतीनदा बघितलं. मग नावाची जागा आली. मालकांनी सांगितलेलं मला आठवत होतं. त्यांना विचारलं तर ते म्हणाले असते, घाल माझा नाव, कारण ते कुणाला अडचणीत टाकणारे नाहीत. म्हणून मी विचारलंच नाही. मुलाचं नाव टाईप केलं आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाकायला सुरुवात केली. मी तोंड फिरवलं. भिंतीवर फोटोसाठी खिळा ठोकलेला होता, फोटो अजून लावलेला नव्हता.

"ह्या काय दिसणा नाय रे."

"दिसत नाही, पण जातं आत. टाका तुम्ही."

दुसऱ्यांदा टाकताना चुकलं, दोन्ही जुळले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. त्यांना घाई नव्हती. तिसऱ्या खेपेला जमलं आणि पडद्यावर नेहमीची ओळ आली, नाव घातलं म्हणून. काल दुपारपर्यंत सर्व्हर ज्याला असा माणूसच नाही म्हणत होता, त्याचं.

त्यांनी आपल्या फोनवर पान उघडलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मोठ्या मशीनचं चित्र आलं. दिवा हिरवा होता. त्यांनी फोन पातेल्याला टेकवून उभा केला, आणि दोन ताटं काढली. मी नको म्हणालो नाही. ताटं रिकामीच होती. आम्ही समोरासमोर बसून फोनकडे बघत होतो. चित्र बदलत होतं, दिवा हिरवाच होता. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला. नाशिकवाला बहुधा हातातला नग पुरा करत असणार.

मालकांना मी अजून सांगितलेलं नाही, ना 'सी'चं, ना नावाचं. फाईलमध्ये ती ओळ आता सगळ्यांत शेवटी आहे. नाशिकवाल्याच्या ओळीपासून खूप खाली. रोज एकला नोंद येते. ती बघितली की मी डबा उघडतो, टेबलावरच. काही वाटतं असं नाही.

त्या दिवशी दिवा लाल व्हायला बराच वेळ लागला. झाला तेव्हा त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं, आधी मला वाढलं, मग स्वतःला.

"जेव," ते म्हणाले.