मागची रेघ

गावच्या मैदानावर मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना अगदी शेवटाला आला होता. बॅट धरलेल्या मुलीचे दोन स्ट्राइक झालेले. तिसरा झाला की ती बाद आणि संघ हरला. ती बुटाने बॅटिंगच्या चौकटीची मागची फक्कीची रेघ पुसत होती. रेघ दिसेनाशी झाली की वीतभर मागे उभं राहता येतं, चेंडू जरा जास्त वेळ दिसतो.

पंचबाईंनी खेळ थांबवला. "पाय आवर. परत पुसलीस तर स्ट्राइक देईन."

"बाई, ती आधीच पुसट होती."

"मग एवढी मेहनत कशाला घेतेस?"

सगळे हसले. प्रेक्षकांत बसलेल्या मला मात्र जागेवर बसवेना. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. फॉर्मच्या चौकटीबाहेर अक्षर गेलं तरी मी नवा फॉर्म मागायचे, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. बाईंचं बरोबरच होतं. समोर चेंडू टाकणारी मुलगी आपल्या जागेवर नीट उभी होती, तिचं काय?

बाईंनी फक्की मागवून रेघ पुन्हा मारली. मुलगी आत उभी राहिली. तिची टाच हळूच मागच्या रेघेकडे वळली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पूस."