मधला आकडा

पद्मजा देवकुळेला नोकरीवर घेतलं ते दगड फोडण्यासाठी. फरीदाबादच्या एका सरकारी कार्यालयात खडकांचं वय काढायची लहानशी प्रयोगशाळा होती, आणि १९९२ साली तिथं हंगामी सहायिकेची जागा निघाली. पद्मजा मूळची संगमनेरची, बी.एस्सी. झालेली. नवरा राजीव केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून बिऱ्हाड दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. एवढ्या लांब जाण्यापेक्षा तिनं जवळपासची शाळा बघावी, असं राजीवचं म्हणणं होतं. पद्मजानं ते ऐकून घेतलं आणि सोमवारी सकाळी फरीदाबादला जायला बदरपूरची बस पकडली.

काम अंगमेहनतीचं होतं. खडक यंत्रात घालून फोडायचा, चाळायचा, धुवायचा. मग ती वाळू एका जड द्रवात सोडायची. हलके कण वर तरंगत, जड कण तळाशी बसत. वीस किलो दगडातून शेवटी चिमूटभर रेती उरे आणि त्या रेतीत असत झिरकॉनचे स्फटिक. डोळ्यांना ते दिसतही नसत. मायक्रोस्कोपखाली बारीक चिमट्यानं एकेक दाणा वेचून बाजूला काढावा लागे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. विजयालक्ष्मी मदुराईच्या होत्या. त्यांची आणि पद्मजाची भाषा म्हणजे दोघींचीही नसलेली हिंदी. एकदा वेचणारा माणूस रजेवर गेला म्हणून त्यांनी पद्मजाला मायक्रोस्कोपवर बसवलं. संध्याकाळी त्यांनी दाण्यांची बशी तपासली आणि दुसऱ्या दिवसापासून ते काम पद्मजाकडेच राहिलं.

झिरकॉनमध्ये थोडं युरेनियम असतं आणि ठरलेल्या गतीनं त्याचं शिसं होत जातं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की स्फटिकाचं वय कळतं. हे मॅडमनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. बाकीचं पद्मजा ग्रंथालयातली पुस्तकं घरी नेऊन वाचत गेली. दुसरीतली लेक अश्लेषा विचारायची, "आई, तू पण होमवर्क करतेस?"

पंचाण्णव साली राजस्थानच्या हद्दीतल्या एका टेकडीचा खडक आला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पट्टिताश्म म्हणतात तो. फार पूर्वी दोन भूखंड एकमेकांवर आदळले, तेव्हा दाबानं आणि उष्णतेनं हा खडक बदलला, असा मॅडमचा कयास होता. ती धडक कधी झाली, एवढाच प्रश्न होता. पद्मजानं दाणे वेचले, मॅडमनी ते आम्लात विरघळवले आणि मोजणीसाठी दक्षिणेतल्या एका संस्थेत पाठवले. उत्तर आलं, दोनशे दहा कोटी वर्षं. कार्यालयाचे डायरेक्टरसाहेब खूश झाले. पुढच्या वर्षी दिल्लीत परिषद होती, तिथं हे मांडायचं ठरलं.

पद्मजा मात्र आपल्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळत होती. दोन दिवसांनी ती मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, तो आकडा मला बरोबर वाटत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "का?"

"दाणे एकसारखे नव्हते. बऱ्याच दाण्यांच्या पोटात एक गढूळ, जुना दाणा आहे आणि त्याच्याभोवती स्वच्छ कवच. दोन्ही एकदम विरघळले. माझे सासरे सत्तरचे आणि मुलगी दहाची. दोघांची सरासरी चाळीस. पण चाळीस वर्षांचं आमच्या घरात कुणीच नाही."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "पद्मजाजी, आप श्योर हैं?"

"नाही. म्हणून तर पुन्हा वेचायचं म्हणते. नुसते गढूळ वेगळे आणि ज्यांच्या पोटात काही नाही असे स्वच्छ वेगळे."

डायरेक्टरांना हे पटलं नाही. आलेला निकाल सहायिकेच्या सांगण्यावरून फिरवायचा नाही, असं ते म्हणाले. मॅडमनी शांतपणे उत्तर दिलं, "सर, परिषदेत कुणी हाच प्रश्न विचारला तर मी काय सांगू?" शेवटी सहा महिन्यांची मुदत मिळाली.

अडचण वेगळीच निघाली. स्वच्छ दाणे शंभरात दोन-तीनच होते आणि आणलेला खडक संपला होता. पुन्हा त्या टेकडीवर जाणं भाग होतं. कुठल्या पट्ट्यातून दाणे आले ते नोंदींवरून पद्मजाला पाठ होतं, म्हणून तिनं स्वतः जायचं ठरवलं. राजीव म्हणाला, "दगड आणायला माणसं नाहीत का त्यांच्याकडे?"

"आहेत. पण कोणता दगड ते मला माहितीये."

सकाळी राजीवनंच तिचा डबा भरला.

मॅडम, पद्मजा आणि ड्रायव्हर श्याम असे तिघं जीपनं निघाले. गुरगाव ओलांडताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते आणि समोरून गिट्टीनं भरलेले ट्रक एकामागून एक येत होते. चार तासांनी टेकडीशी पोचले, तेव्हा टेकडी निम्मी उरली होती. पायथ्याशी क्रशर सुरू होता आणि हवेत पांढरी धूळ होती.

खाणीचा मुनीम भला माणूस होता. गिट्टीच्या ढिगाकडे हात करून म्हणाला, "पत्थर ही चाहिए ना, मॅडम? जितना मर्जी ले जाइए."

"सुटा नको," पद्मजा म्हणाली. "कुठून निघाला ते कळायला हवं. जागेवरचाच पाहिजे."

जागेवरचा खडक आता फक्त वरच्या कड्यात होता आणि दीड वाजता तिथं सुरुंग लावायचे होते. साडेअकरा वाजले होते. पद्मजानं साडीचा पदर खोचला, श्यामकडून हातोडा घेतला आणि चढायला लागली. मॅडम मागून आल्या. पहिले तीन पट्टे नोंदींशी जुळेनात. चौथ्याशी ती थबकली, बोटानं धूळ पुसली आणि म्हणाली, "हाच." दोघींनी आळीपाळीनं छिन्नी धरली. श्यामनं चार पोती खाली नेली. शेवटचं पोतं जीपमध्ये चढलं तेव्हा मुनीम शिट्टी वाजवून माणसं हटवत होता. स्फोट झाला आणि तो कडा त्यांच्या डोळ्यांदेखत खाली आला. परतीच्या वाटेवर पद्मजा पोत्यांवर नावं आणि जागा लिहीत बसली.

पुढचे चार महिने तिनं फक्त दाणे वेचले. डोळ्यांतून पाणी यायचं, मान आखडायची. दिवसाला आठ-दहा स्वच्छ दाणे मिळाले तरी पुष्कळ. एक बशी धक्क्यानं उलटली तेव्हा तीन आठवड्यांचं काम गेलं. ती बाहेर जाऊन तोंड धुऊन आली आणि पुन्हा पहिल्या दाण्यापासून बसली.

निकाल आला. गढूळ दाणे अडीचशे कोटी वर्षांचे, स्वच्छ दाणे एकशे सत्तर कोटींचे. मधे, दोनशे दहा कोटी वर्षांपूर्वी, काहीच घडलं नव्हतं. जुना खडक जन्मला तेव्हाचा एक आकडा होता, आणि दुसरा, स्वच्छ दाणे ज्या उष्णतेत वाढले त्या धडकेचा.

परिषदेत मॅडमनी निबंध वाचला. डायरेक्टर पहिल्या रांगेत होते, पद्मजा शेवटच्या. एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "हे दोन प्रकार वेगळे कुणी आणि कसे केले?"

मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी केले त्या इथेच बसल्यात. त्याच सांगतील."

पद्मजा उभी राहिली आणि हिंदीत, न अडखळता, पाच मिनिटं बोलली. प्राध्यापकांनी आणखी एक विचारलं, "म्हणजे हा एका भूखंडाचा काठ झाला. दुसरा कुठाय?"

"ते अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "त्यासाठी त्या टेकड्यांच्या रांगेपलीकडचा खडक लागेल."

निबंध छापला गेला तेव्हा त्यावर तिचं नाव दुसरं होतं. निबंध छापायला पाठवायच्या कागदावर डायरेक्टरांनी सही केली होती, थोड्या उशिरानं. पण त्याआधीच, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, पद्मजा आणि मॅडम पलीकडच्या टेकड्यांकडे निघाल्या होत्या. या वेळी छिन्न्या तिनं स्वतः निवडून घेतल्या होत्या.