शनिवारचा ओटा

माझ्या शेजाऱ्यांनी मला फसवलं. दिवसाढवळ्या, भर बाजारात आणि एक पैसाही न घेता. घासाघीस न करता मला हरवणारा अख्ख्या लोणावळ्यात हा एकच माणूस. माझं चिक्कीचं दुकान. सुरुवात मी स्टेशनच्या फलाटावर टोपली घेऊन केली होती. शेजारी त्यांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काढलेलं. मी त्यांना काका म्हणतो. ते मला शेठ म्हणतात, आणि त्यात टोमणा असतो.

काका बेने इस्रायली, म्हणजे ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. काकांच्या घराण्यानं घाणा सोडला, शनिवार सोडला नाही. शनिवारी निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं घाटात येऊन आदळतं, तेव्हा हे शटर पाडून घरी. त्यांच्या दुकानासमोरचा ओटा त्या दिवशी रिकामा. मला तो टेबल मांडायला हवा होता. भाड्याचे तीन आकडे मनात धरून, रागावून उठून जायचं कधी हेसुद्धा ठरवून मी बोलायला गेलो. काका म्हणाले, "शनिवारची कमाई मला चालत नाही. घ्या की फुकट." संपलं. भांडायला जागाच ठेवली नाही. वर शुक्रवारी ऊन उतरायच्या आत स्वतः ओटा झाडून जातात. ह्याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं?

त्यांच्या डोक्यावर बशीएवढी विणलेली टोपी असते, काकूंच्या केसांच्या पिनेनं अडकवलेली. आमच्या बाजारात तिच्यावरून जितकं ज्ञान सांडतं तितकं कॉलेजात सांडत नसेल. कोणी त्यांना पाद्री म्हणतो, कोणी पारशी, एकानं जादूचे प्रयोग करता का म्हणून विचारलं. पाठीला पिशव्या लावलेली इस्रायलची गोरी पोरं शालोम म्हणत धावत येतात आणि त्यांच्या भाषेत भडाभडा बोलतात. काका सगळं ऐकून घेतात आणि शुद्ध मराठीत विचारतात, पंखा कुठला आहे? बिलावर कोकणातल्या गावाचं आडनाव वाचून गिऱ्हाईक आणखी गोंधळतं. आंदर मावळातली एक मावशी टेबलफॅन लुगड्यात गुंडाळून आणते, तिनं मात्र एकदाच विचारून घेतलं.

"आबा, तुमी कुटल्या देवाचं?"

"आमचा एकच आहे, मावशी."

"बरं हाय. एकालाच सांबाळायचं."

मग पंख्याचं काय ते बोलली. इतकं सोपं होतं.

शनिवारी काका पायी फिरतात, खिशात काहीही न ठेवता. पैसे नाहीत, फोन नाही, किल्लीसुद्धा नाही. मी किती वेळा बजावलं, निदान कार्ड ठेवा, दिवस कसले आलेत. ते म्हणायचे, सहा दिवस वागवतो ते पुरे. तर गेल्या महिन्यात एका शनिवारी ते माझ्या टेबलापाशी आले, आणि पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या चार पोरांनी त्यांना घेरलं. एकानं टोपीकडे बोट दाखवून विचारलं, इथं काय काम आहे. दुसऱ्यानं आधार कार्ड मागितलं. तिसरा मोबाईल धरून उभा. काका म्हणाले, शनिवारी माझ्या खिशात काही नसतं. ते ऐकून पोरं आणखी चढली.

माझ्या टेबलाशी गर्दी होती. मी तराजू खाली ठेवला आणि ओरडलो, "अहो, सोडा त्यांना. मुसलमान नाहीत ते, ज्यू आहेत."

चमत्कार झाला. ज्यानं कार्ड मागितलं त्यानंच हात पुढे केला. तुमचे लोक म्हणजे भारी, म्हणाला. मोबाईलवाल्याला आता सेल्फी हवा होता. काकांनी हात मिळवला नाही, फोटोही दिला नाही. पोरांनी माझ्याकडून दोन किलो चिक्की घेतली आणि गेली. सौदा जमवल्याच्या ऐटीत मी काकांकडे पाहिलं.

ते म्हणाले, "आणि असतो तर, शेठ?"

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांनी भांडायला हवं होतं. भांडणात मी कोणाला ऐकत नाही. पण पुढच्या शुक्रवारी ओटा झाडलेला. फक्त शनिवारी ते त्या रस्त्यानं येत नाहीत, मागच्या गल्लीनं जातात.

गेल्या आठवड्यात त्यांनी नवस फेडला. दरवेळेसारखं मलिद्याचं ताट आलं: गूळखोबरं घातलेले पोहे, कडेनं फळं. ताटावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. आमच्यात ताट रिकामं परत देत नाहीत. दरवेळी मी त्यात चिक्की घालून देतो. ह्या वेळी चिक्की भरली, आणि काढून ठेवली. त्या दोन किलोंची आठवण झाली. चार दिवस ताट माझ्या गल्ल्यामागं पडून आहे, घासलेलं, रिकामं.

मी गप्प बसणारा माणूस नाही. पांढऱ्या गाडीतल्या त्या चौघांपैकी एकानं तरी परत यावं. चिक्की नको, फोटो नको. काकांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलासमोर उभं राहून द्यावं. आणि ते जमत नसेल, तर ह्या ताटात मी काय घालू, ते सांगावं.