बूच असलेली बाटली

लेकीचे सासू-सासरे फ्रान्सहून आमच्याकडे यायचे ठरले, तेव्हा मला झालेला आनंद जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला. जेवायला बसताना हे म्हणाले, "त्यायच्यासाठी वाइन आणाले पाह्यजे. पांढरी. त्यायच्या इकडचीच."

तव्यावरची पोळी करपली तरी माझा हात हलला नाही.

आमच्या यांचं बुलढाण्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. दारू सोडून बरीच वर्षं झाली. शेगावला महाराजांच्या समाधीपुढे नारळ ठेवला आणि सोडली, असं ते सांगतात. खरं तर त्याआधी तीनदा सोडली होती आणि तीनदा धरली होती. बाटलीबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते त्या काळातलं. ती गव्हाच्या कोठीत सापडते, शाळेत शिकवून घरी येताना वास फाटकापासून येतो, आणि झाकणाची सील तुटल्याचा कट्ट आवाज शेजारच्या खोलीतूनही ओळखता येतो.

"पाहुण्यांले काऊन पाह्यजे? आपल्या घरी नाही चालत म्हणून सांगू," मी म्हटलं.

"तिकडं जेवणात पाण्यासारखी राह्यते ते. परक्या गावात आपली भाकर दिसली की माणूस मोकळा बसते. आण तू."

बोलणं गोड होतं, म्हणूनच मी जास्त भ्याले. पाहुण्याच्या नावानं यजमान जेवतो, ही म्हण काय उगाच पडली असेल? यांच्या मनात पाहुणे होते की ती जुनी तहान, हे मला ओळखता येईना. पूर्वीही प्रत्येक वेळी कारण चांगलंच असायचं. कधी मित्राची बढती, कधी भाच्याची हळद.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, नको आणू, मी सांगते त्यायले." तेवढ्यात मागून हे ओरडले, "आणायची म्हंजे आणायची!" मग तीही थकली. म्हणाली, "मंग महागाची घेऊ नको. माझे सासरे रोज साधीच पितात."

ती साधी पण चांगली कशी निवडायची, हे तिनं मला समजावलं. तिकडे बाटलीवर बहुधा गावाचं नाहीतर मुलखाचं नाव असतं. सांसेर नावाचं एक गाव फार गाजलेलं, म्हणून महाग. जवळच तुरेन म्हणून मुलूख आहे, तिथं तीच द्राक्षं पिकतात, पण नाव मोठं नाही म्हणून स्वस्त. "मोठ्या नावाले भुलायचं नाही, शेजारचं पाह्यचं," ती म्हणाली. हे मला चटकन कळलं. मी देऊळघाटची, भाजीवाल्यांच्या घरातली. आमच्या शेतातली मेथी दुसऱ्याच गावाच्या नावानं चढ्या भावात विकली जाताना मी लहानपणी पाहिली आहे. पांढरी वाइन ताजी घ्यायची, साल अलीकडचं बघायचं, जड बाटली आणि सोनेरी अक्षरं म्हणजे माल चांगला असं नाही, हेही तिनं सांगितलं. "आणि फिरकीचं झाकण असलं तरी चालते. हलकी नसते ते."

फिरकीच्या झाकणाचं ऐकलं मात्र, माझं तिथंच ठरलं.

बुलढाण्यात घेणं शक्य नव्हतं. अर्ध्या गावाची मुलं माझ्या हाताखालून गेलेली. शिवाय आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर वाइन लिहिलेलं असतं आणि आत वाइन सोडून सगळं मिळतं. साडी घ्यायची म्हणून संभाजीनगरला गेले. वाइनच्या दुकानासमोरच्या रसवंतीत ऊन उतरेपर्यंत बसून राहिले. मग आत शिरले. काउंटरवरच्या माणसाचं तोंड जरा वाकडं झालं, तशी मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "फ्रान्सची पांढरी दाखवा."

त्यानं काचेच्या कपाटातली काढली. त्या कपाटावर दुपारभर ऊन पडलेलं मी समोरून पाहिलं होतं. उन्हात ठेवलेली भाजी मी कधी घेतली नाही, ही कशी घेईन? "आतली आणा," म्हटलं. आतून दोन आल्या, दोन्ही तुरेनच्या, दोन्ही अलीकडच्या सालातल्या. एकीला फिरकीचं झाकण, दुसरीला बूच. फिरकीची जरा स्वस्त होती. मी बुचाची घेतली. बूच काढायचं हत्यार आमच्या घरात नव्हतं. नुसत्या हातानं ती उघडता आली नसती, म्हणून घेतली. लेकीनं शिकवलेलं सगळं खरं, पण माझा भाव वेगळा होता.

ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून बाटली घरी आणली आणि फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीखाली ठेवली. यांनी पाहिली, हातात घेतली, बुचावरून अंगठा फिरवला. "हे काढशील कायनं?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना हे बूच काढायचा स्क्रू घेऊन आले. लोखंडी सळी तापवून, पिळून स्वतः बनवलेला, वर लाकडी मूठ. मुठीला पॉलिशसुद्धा केलं होतं. ओट्यावर ठेवला आणि हात धुवायला गेले. इतकं मन लावून माणूस पाहुण्यांसाठी काम करतो की स्वतःसाठी? विचारायची हिंमत झाली नाही. त्यानंतर मी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी फ्रिज उघडायचे. बूच जागेवर असायचं. तरी भीती जायची नाही, उद्यावर जायची.

पाहुणे आले. लेक, जावई, व्याही, विहीणबाई. भर दुपारी जेवायला बसलो. तिखट कमी घालून केलेली पाटवडी, वांगी, पुरणपोळी. बाटली मधोमध ठेवली. व्याह्यांनी तो स्क्रू उलटून-पालटून पाहिला आणि यांच्या पाठीवर थाप मारली. मग बूच काढलं आणि कोणाला काही कळायच्या आत घोटभर वाइन यांच्या ग्लासात ओतली. ग्लास यांच्या हातात दिला आणि हसत थांबले.

लेक घाईनं म्हणाली, "बाबा, तिकडं तशी पद्धत आहे. घरधन्यानं आधी चाखायची. चांगली आहे म्हटलं की मंग बाकीच्यायले वाढायची."

आणि आमच्याकडची पद्धत अशी, की व्याह्यानं हातात दिलेलं परत करायचं नाही. पानाचा विडा असो की पाण्याचा तांब्या. मी या माणसाला ओळखते. मोडेल, पण व्याह्याचा हात मागे सारणार नाही. ग्लास त्यांच्या नाकाशी गेला. त्यांचे डोळे मिटले. मी ताटाची कड घट्ट धरली.

डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. ग्लास माझ्यापुढे धरून व्याह्यांना म्हणाले, "निवडली हिनं. चाखनारी बी हेच."

लेकीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं तशा विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. जिचा वास मी आयुष्यभर हुंगून हुंगून शोधला, ती माझ्या तोंडाला लागली. गार होती. आधी आंबट, मग कच्च्या पेरूसारखी, मग लिंबाच्या सालीसारखी. मला आवडली. खरंच आवडली, आणि त्या आवडण्याचीच मला भीती वाटली. यांना ते कळू नये म्हणून मी तोंड वाकडं केलं. "ठीक आहे. आंबट आहे."

हे हसले. "खोटं काऊन बोलतं व? चांगलीच असते ते. चांगली नसती तं सोडाले मले इतकं जड गेलं असतं काय?"

मग त्यांनीच सगळ्यांना वाढली, आग्रह करकरून. स्वतःच्या ग्लासात ताक घेतलं. व्याह्यांच्या ग्लासाला लावताना निम्मं ताक पुरणपोळीवर सांडलं. ते मी पाहिलं आणि लेकीनं पाहिलं.

जेवणं झाली, पाहुणे आत जाऊन पडले. बाटलीत पावभर उरली होती. मी ती मोरीकडे नेली, तशा पूर्वी कितीतरी नेल्या होत्या, हे झोपलेले असताना किंवा दुकानात गेल्यावर. मागून यांची चाहूल लागली आणि मी जागच्या जागी थिजले.

"थांब," ते म्हणाले. "मी असतानी ओत. पाहू दे मले."

माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी बाटली तिरपी केली. पेरूचा वास मोरीभर पसरला. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी माझा दुसरा हात धरून ठेवला होता, आणि त्यांचा हात घामानं ओला होता.