रिकामी बाज

पाथर्डीकडच्या डोंगरातल्या वस्त्यांना दवाखाना हवा, म्हणून आम्ही मोर्चा काढला. 'दवाखाना जवळच आहे,' असं आरोग्य खात्याच्या साहेबांचं म्हणणं होतं.

मी फलक वाटत होतो. एक म्हातारी डोक्यावर रिकामी बाज घेऊन आली. थकल्यावर टेकायला आणली असेल, असं समजून मी ती सावलीत टाकली. "बसा, मावशी."

ती बसली नाही. तिनं बाज चौघांच्या खांद्यावर दिली आणि चालता चालता खांदा कसा बदलायचा ते दाखवलं. तिच्या वस्तीवरून आजारी माणूस असाच आणतात.

"पण हिच्यावर निजणार कोण?" मी विचारलं.

"सायेब," ती शांतपणे म्हणाली. "वस्तीवरनं त्यांना निजवून आणू. मग इचारू, दवाखाना जवळ हाय का लांब."